राखीव डोळ्याचं प्रेशर

बुबुळबाईंना डोळा एकच होता. बाकीचे सगळे त्यांनी स्वतः केलेले.

हे जरा नीट सांगायला हवं. बाई कृत्रिम डोळे करायच्या. ज्याचा डोळा अपघातात किंवा आजारात गेला तो माणूस त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायचा, आणि त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत बाई दुसरा रंगवायच्या. शर्टाच्या बटणाएवढी काळी चकती, तिच्यावर बारीक ब्रशने रंगाचे थर, वरून पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी लाल रेशमाचा दोरा उसवून त्याचे तंतू. दोन दिवसांत जोडी जमायची. माणूस आरशात बघून रडायचा, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं की बाई म्हणायच्या, "झालं, पास."

त्यांचा स्वतःचा डावा डोळा नवव्या वर्षी गेला होता, मोठ्या भावाने फेकलेल्या कंपासपेटीने. पेटी मांजराला मारलेली होती. मांजर जगलं. ह्या विषयावर घरात पुन्हा कोणी बोललं नाही. फक्त दादांनी भूमिती सोडून दिली, आणि पुढे स्वतःच्या लग्नाचं निघालं तेव्हा "घारीचं काय ते आधी बघू" म्हणाले. ते बघता बघता दोघं साठीच्या पलीकडे गेले. बाहेर सगळे बुबुळबाई म्हणत, घरात दादा घारी म्हणत. कारण उरलेला उजवा डोळा घारा होता, मधाच्या रंगाचा, कडेला हिरवट झाक. असला रंग जमवायला कारागिराच्या नाकी नऊ येतात. बाईंनी तो तीनदा चुकवून चौथ्यांदा जमवला होता, आणि पुन्हा ही कटकट नको म्हणून एकाच साच्यातून दोन डोळे केले होते. एक त्या घालायच्या. दुसरा कामाच्या टेबलावर, डाव्या हाताला, मखमल लावलेल्या उघड्या डबीत पडून असायचा. दादा त्याला राखीव खेळाडू म्हणायचे. बारा वर्षं बाकावर बसून होता, मैदानात उतरायची वेळ काही आली नव्हती.

मग उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि वाहून जातं. बाईंच्या डोळ्यात ते तुंबतंय, आतलं प्रेशर वाढलंय आणि मागची नस दबतेय. नस एकदा गेली की परत येत नाही. प्रेशर अठ्ठावीस, ते सतरापर्यंत उतरायला हवं. त्यांनी पिवळ्या टोपणाचा ड्रॉप दिला, त्याने पाणी कमी बनतं. प्रेशर चोवीसवर आलं आणि तिथेच फतकल मारून बसलं. मग पिवळ्याच्या जोडीला नारिंगी टोपण आलं. चोवीसच. मग त्या दोघांच्या जोडीला हिरवट निळं, रात्रीचं एकदाच. ते पाण्याला बाहेर जायची वाट मोकळी करतं. एकाने भागत नसेल तर तिघांनी मिळून ओढायचं, असा हिशोब. नियम एकच: एक थेंब पडला की डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, आणि पाच मिनिटांनीच पुढचा थेंब. नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो.

पाच मिनिटं मोजायला घरात तज्ज्ञ होता. दादा चाळीस वर्षं एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर बसायचं, भोंगा द्यायचा, उशिरा येणाऱ्याची नोंद करायची. "साहेब, तुमचं घड्याळ पुढे आहे" हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षांत हजारो वेळा ऐकलं होतं आणि एकदाही मान्य केलं नव्हतं. आता ते रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली बसायचे, आणि पाच मिनिटं झाली की तिथूनच तोंडाने भोंगा द्यायचे. शेजारच्यांनी एकदा चौकशी केली. मग सवय झाली.

तीन महिन्यांनी प्रेशर चोवीसच होतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक विचारायला लागल्या. नारिंगी टोपणाने तोंड कडू होतं, होतंय का? नाही. डोळ्यात झोंबतं? नाही. निळ्याने पापण्यांचे केस लांब वाढतात, वाढले का? बाईंच्या पापण्या होत्या तेवढ्याच होत्या. बुबुळाचा रंगही हळूहळू गडद होतो, विशेषतः घाऱ्या डोळ्यांचा, असं त्यांनी मागेच बजावलं होतं, आणि तेव्हा बाईंना धसका बसला होता तो आजाराचा नव्हे, डावा डोळा पाचव्यांदा रंगवावा लागेल ह्याचा. पण रंगही जसाच्या तसा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं की बाई औषध खरंच घालतात, की घातलं म्हणतात.

बाईंना फार लागलं ते. तिन्ही थेंब थंडगार पडल्याचं त्यांना रोजच्या रोज पक्कं आठवत होतं.

"दीड महिना देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तरी उतरलं नाही तर ऑपरेशन. एकुलत्या एका डोळ्यावर सुरी चालवायला मला आवडत नाही, बाई. पण नस जाताना बघत बसणं त्याहून आवडत नाही."

घरी आल्यावर दादांनी सगळं ऐकलं, आणि भोंगा चुकला असेल का ह्याची स्वतःशी चौकशी केली. निष्पन्न काही झालं नाही. त्या दिवसापासून ते भोंगा जास्त मोठ्याने द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना बाईंना दिसलं की राखीव डोळ्याची मखमल वाढली आहे.

आधी वाटलं धूळ असेल. फुंकर मारली, गेली नाही. डबीतली मखमल सगळीकडे नेहमीसारखी आखूड होती. फक्त डोळ्याभोवती, बरोबर पापण्या असाव्यात त्या जागी, तिचे तंतू बोटाच्या पेराएवढे लांब, काळे आणि किंचित वर वळलेले. बाईंनी चिमट्याने एक ओढून बघितला. तो मुळापासून निघाला. त्यांनी डोळा उचलून उजेडात धरला. आपण केलेला रंग कारागीर विसरत नाही, जशी आई पोराचा आवाज विसरत नाही. आणि हा त्यांचा रंग नव्हता. मध गेला होता. उकळून उकळून काढलेल्या काळ्या चहाचा रंग होता तो. शिवाय डोळा ओला होता.

त्यांनी दादांना हाक मारली. दादांनी राखीव खेळाडू बोटाने दाबून पाहिला.

"दगड आहे नुसता," ते म्हणाले. "ह्याचं प्रेशर तर तुझ्याहून वाईट." मग मखमल जरा निरखून म्हणाले की दमट हवेत कापडाला लव येते, कारखान्यातल्या पट्ट्यांनाही यायची. आलेली नव्हती. पण दादांच्या अंगावर काटा आला की ते कारखान्याचा दाखला द्यायचे, हे बाईंना लहानपणापासून, म्हणजे कारखान्याच्याही आधीपासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी आठ वाजता बाई टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली, पिवळ्याचा थेंब घातला, डोळा मिटला, कोपरा दाबला. आणि डाव्या बाजूला त्यांना उजेड दिसला.

डाव्या बाजूला पन्नासहून जास्त वर्षं काही नव्हतं. काळोखही नव्हता. लोकांना वाटतं गेलेल्या डोळ्याला काळं दिसतं. तसं नसतं, आपल्याला पाठीमागून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. त्या काहीच-नाहीमध्ये आता पोस्टाच्या तिकिटाएवढी एक खिडकी उघडली होती. खिडकीत एक बाई बसली होती. खालून बघितल्यासारखी दिसत होती: आधी हनुवटी, मग नाकपुड्या, मग कपाळ. मान मागे टाकलेली, डोळा मिटलेला, एक बोट नाकाजवळ. हनुवटीखाली दोन पांढरे केस होते, जे आरशात कधी दिसले नसते. अ‍ॅप्रनच्या खिशावर तपकिरी रंगाचा डाग.

बाईंना प्रथम वाटलं, कोणी गिऱ्हाईक येऊन बसलंय. अवेळी आलंय, आणि दार न वाजवता. मग तो डाग त्यांनी ओळखला. मागच्याच आठवड्यात त्यांनी तो धुवून काढायचा प्रयत्न केला होता.

त्या हलल्या नाहीत. पाच मिनिटं ती बाईही हलली नाही. बाईंनी मिटल्या ओठांतून जिभेचं टोक बाहेर काढलं. तिनेही काढलं.

बाहेरच्या खोलीत दादांनी भोंगा दिला.

खिडकीतल्या बाईने डोळा न उघडता हात औषधांच्या ट्रेकडे नेला, नारिंगी टोपण काढलं आणि बाटली उचलली. बाटली मिटल्या डोळ्याकडे गेलीच नाही. हात सरळ इकडे आला. मोठा मोठा होत आला, बोटांवरच्या रंगाच्या भेगा दिसायला लागल्या, मग बाटलीचं टोक, त्याला लोंबणारा थेंब, थेंबात उलटी खोली आणि खोलीत उलटी बाई. थेंब सुटला. डोळ्यात थंडगार वाटलं. नीट पडला, असं वाटून बाईंना रोजच्यासारखं समाधानही झालं.

मग त्यांनी उजवा डोळा उघडला. त्यांचा उजवा हात अंगावरून डावीकडे लांब गेला होता आणि मखमलीच्या डबीवर थांबला होता. अंगठा आणि बोट अजून बाटली दाबून होतं.

हाताची चूक नव्हती. सुका रंग खोटं बोलतो, हे बाईंच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. रंगवलेली चकती कोरडी असताना एक दिसते आणि अ‍ॅक्रिलिकखाली गेली की दुसरीच. म्हणून दर थरानंतर तिच्यावर एक थेंब पाणी सोडायचं; ओल्यात तिचा खरा रंग कळतो. तीस वर्षं, दिवसाला शंभर वेळा, हा हात थेंब घेऊन त्याच टेबलाच्या डाव्या बाजूला गेला होता. पहिला थेंब बाई डोळा उघडा ठेवून स्वतः घालायच्या. त्यानंतर डोळा मिटलेला, आणि मिटल्या डोळ्याने हाताला एवढंच कळत होतं की थेंब आहे, म्हणजे तो डावीकडच्या डोळ्यात घालायचा. मखमलीचं, रंगाचं, ओलेपणाचं कोडं सुटलं. तीन महिने नारिंगी आणि निळं औषध सगळं त्या डबीत गेलं होतं, आणि तिथे ते लागूही पडलं होतं.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात. दुसरा कुठे ठेवून देतो हे मात्र म्हणीत नाही.

दादांना सांगताना बाईंनी हाताचं सगळं सांगितलं. खिडकीचं सांगावं की नाही ह्यावर त्या चहा संपेपर्यंत विचार करत राहिल्या, मग तेही सांगितलं. दादा हसले. पोट धरून, खुर्चीचा हात धरून हसले, आणि म्हणाले की प्लॅस्टिकला दिसायला लागलं तर उद्या घरातल्या बादल्याही बघायला लागतील, मग आंघोळ कुठे करायची. हसून झाल्यावर उठले, डबीचं झाकण लावलं, ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"तुझा खरा डोळा वाचवायचाय, घारे," ते म्हणाले. "एकच आहे. दुसऱ्याचं काय झालं ते मला माहितीये."

पन्नासहून जास्त वर्षांत ह्या विषयावर ते एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवसापासून ते आत, समोरच्या स्टुलावर बसायला लागले. भोंगा आता दोन हातांवरून यायचा, त्यामुळे शेजारच्यांना बरं पडलं आणि बाईंच्या कानाचे पडदे कामी आले. प्रत्येक थेंब बाईंनी डोळा उघडून घालायचा, दादांनी तो पडताना बघायचा. पहिल्याच दिवशी नारिंगी थेंब असा झोंबला की बाईंनी स्टुलाला लाथ मारली. मग तोंड इतकं कडू झालं की रात्रीचं जेवण औषधासारखं लागलं. दादा खूश होते. इतक्या वाईट गोष्टी होतायत म्हणजे औषध आत जातंय.

पाच मिनिटं डोळा मिटला की डावीकडे आता खिडकी नसायची. पहिले काही दिवस तिथे मखमलीचा काळोख होता, बंद डबीच्या आतला. पण तो काळोख तरी होता. आठवड्याभराने तोही विरला आणि जुनं काहीच-नाही परत आलं. दोन डोळे असण्याची सवय लागायला एक संध्याकाळ पुरते, मोडायला किती लागतात ते बाईंना ठाऊक नव्हतं. दादांना एवढंच दिसायचं की काम संपलं तरी घारी टेबलाशी बसून राहते, आणि तिची मान कपाटाकडे वळलेली असते. एकदा तर ती कपाटाकडे बघून हळूच जीभ बाहेर काढताना त्यांनी पाहिली. त्यांनी लगेच खिशातली किल्ली चाचपून बघितली.

दीड महिन्याने बाई तपासणीला एकट्याच गेल्या. दादा दवाखान्यात जात नसत. तिथे दहाची वेळ देऊन अकराला बोलावतात, हा त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचा अपमान होता.

आधी प्रेशर. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं.

"सोळा," त्या म्हणाल्या, आणि बाईंनी त्यांना पहिल्यांदा दात दाखवताना पाहिलं. ऑपरेशन नको. तिन्ही ड्रॉप असेच चालू ठेवायचे. फक्त नस तेवढीच आहे ना, आणखी काही गमावलं नाही ना, हे बघायला मशीनवर बसा.

हे मशीन म्हणजे आतून पांढरी, मोठी वाटी. हनुवटी टेकवायची, डाव्या डोळ्यावर कापडाची पट्टी, कृत्रिम असला तरी नियम म्हणजे नियम. खोलीत अंधार. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची; वाटीत कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मशीनवाली मुलगी कोपऱ्यात बसून म्हणाली, "समोर बघा, आजी. इकडे तिकडे नको." बाई बटण दाबत राहिल्या. वर, खाली, उजवीकडे, पुन्हा वर.

मग डावीकडे उजेड पडला.

आधी एक फट, मग सगळंच. झाकण निघालं होतं. खिडकीत एक प्रचंड नाक आलं, चष्मा आला, चष्म्यामागे दोन घाबरलेले डोळे. दादा. दातांत जिभेचं टोक धरलेलं. भूमितीचं वर्तुळ काढताना धरायचे तसं. मागे बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, अकरा वाजून बारा मिनिटं. दादांनी इकडे तिकडे पाहिलं, रिकाम्या घरात कोणी बघत नाही ना ह्याची खात्री केली, आणि पिवळ्या टोपणाची बाटली पुढे आणली. पहिला थेंब मखमलीवर गेला. दुसरा बरोबर पडला.

थंड.

बाईंनी बटण दाबलं.

दादा वाकून बघत राहिले. त्यांचे ओठ हलले. डोळ्याला कान नसतात, त्यामुळे ऐकू काही आलं नाही. पण 'घारे' म्हणताना ओठ कसे होतात ते बाईंना पाठ होतं. त्यानंतर ते आणखी काहीतरी बोलले, लांबलचक. शेवटी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. मग एकदम भानावर आल्यासारखे घड्याळाकडे वळले, सव्वाअकरा झालेले बघितले, आणि नारिंगी बाटली उचलली.

"आजी, लक्ष कुठाय तुमचं?" मशीनवाली मुलगी म्हणाली. "डोळ्यात पाणी येतंय का? थांबवू?"

थांबवू नको, असं बाईंनी सांगितलं. थेंब पडला. त्यांनी बटण दाबलं. साडेअकराला तीन मिनिटं कमी असताना, म्हणजे कितीतरी वेळाने, निळाही पडला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग झाकण लागलं आणि मखमल आली.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. नस जशीच्या तशी, तिळाएवढंही नुकसान वाढलेलं नाही. फक्त खाली एक ओळ छापून आली होती, ती त्यांनी सहज वाचून दाखवली: पेशंटने दिवा लागलेला नसताना तीन वेळा बटण दाबलं. होतं असं, त्या म्हणाल्या, लोक घाईत दाबतात. आणि हो, आता पुढच्या चार-सहा महिन्यांत बुबुळाचा रंग गडद व्हायला लागेल, तेव्हा डाव्या डोळ्याचं बघून ठेवा.

"तयार आहे," बाई म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा दादा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. पेपर कालचा होता. त्यांनी विचारलं काय झालं, आणि सोळा म्हटल्यावर पेपरची नीट चौकोनी घडी घातली, ती उघडली आणि पुन्हा घातली. घडी घालून झाल्यावर म्हणाले की बरं झालं.

बाईंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या, आणि कपाटाची किल्ली मागायला हात पुढे केला. दादांनी ती दिली. किल्ली ओल्या हाताने धरलेली असावी, तशी थंड होती.

"सव्वाअकराला काय करत होतास?"

"पेपर वाचत होतो."

"पिवळ्यानंतर पाच मिनिटं थांबायचं असतं, दादा," बाई म्हणाल्या. "तू तीनच थांबलास."

दादांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग चाळीस वर्षं गेटवर बसून जे एकाही माणसाकडून ऐकून घेतलं नव्हतं, ते म्हणाले.

"घड्याळ पुढे असेल."